गुरूच्या ध्रुवाजवळचा सुटा ठिपका: चंद्रामुळे ग्रहावर अरोरा कसा उमटतो?

निशाचर

गुरूच्या उत्तर ध्रुवाची हबल दुर्बिणीने अतिनील प्रकाशात टिपलेली छायाचित्रे गेले काही दिवस मी बारकाईने पाहत आहे. ध्रुवाभोवतीचे मोठे, किंचित वेडेवाकडे तेजस्वी कडे म्हणजे अरोरा (ध्रुवीय प्रकाश), एवढे समजते. मात्र त्या कड्याच्या बाहेर, विषुववृत्ताच्या बाजूला, एक सुटा लखलखीत ठिपका दिसतो आणि त्याच्या मागे धूमकेतूला असावी तशी हळूहळू विरत जाणारी शेपटी दिसते. थोड्या वेळाने घेतलेल्या छायाचित्रात मोठे कडे ग्रहाबरोबर फिरलेले असते; हा ठिपका मात्र ग्रहाची साथ सोडून मागे रेंगाळलेला असतो. चित्राखालच्या ओळीत ही आयो या चंद्राची ‘पाऊलखूण’ असल्याचे म्हटले आहे.

माझी अडचण अशी. पृथ्वीवरचा अरोरा सूर्याकडून येणाऱ्या सौरवाताशी जोडलेला आहे, हे शाळेपासून वाचत आलो. आयो गुरूच्या केंद्रापासून सुमारे 4 लाख 22 हजार किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरून तो गुरूच्या वातावरणात नेमक्या एका जागी उजेड कसा पाडतो? मला सुचलेले एकमेव उत्तर गुरुत्वाकर्षणाचे, म्हणजे भरती-ओहोटीसारख्या ओढीचे आहे. पण तसे असते तर परिणाम विषुववृत्ताजवळ दिसायला हवा होता, ध्रुवाजवळ नव्हे. शिवाय गुरूच्या बाबतीत हे घडत असेल, तर आपला चंद्र पृथ्वीवर असे काही का करीत नाही?

परिवलन

गुरुत्वाकर्षणावर तुम्ही स्वतःच घेतलेला आक्षेप योग्य आहे. तरीही ते या प्रकरणात येतेच, फक्त दोन पायऱ्या मागे. म्हणून ठिपका तूर्त बाजूला ठेवून आयोपासून सुरुवात करतो.

आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांचे परिभ्रमणकाळ 1:2:4 या प्रमाणात बांधलेले असल्यामुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही. प्रत्येक फेरीत गुरूची ओढ कमीजास्त होते, आयोचे अंतरंग सतत पिळले जाते आणि त्यातून ते तापते. 1979 च्या मार्चमध्ये व्हॉयेजर 1 यानाच्या छायाचित्रांत लिंडा मोराबितो यांना जो ज्वालामुखीचा उद्रेक आढळला, तो याच उष्णतेचा परिणाम होता. या ज्वालामुखींमुळे आयोभोवती सल्फर डायऑक्साइडचे अतिविरळ वातावरण असते आणि दर सेकंदाला सुमारे 1 टन द्रव्य आयोच्या परिसरातून निसटून जाते. रेणू फुटतात, अणूंमधून इलेक्ट्रॉन निघून जातात, आणि आयोच्या कक्षेच्या आसपास गंधक व ऑक्सिजनच्या आयनांचे एक जाडजूड कडे तयार होते. हा विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, गुरूच्या चुंबकीय क्षेत्राला जखडलेला असतो, आणि ते क्षेत्र गुरूबरोबर दर 9 तास 55 मिनिटांनी एक फेरी पूर्ण करते.

आता वेग पाहा. आयो आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने चालतो. त्याच अंतरावरचा प्लाझ्मा मात्र गुरूच्या परिवलनाबरोबर ओढला जात असल्यामुळे सेकंदाला सुमारे 74 किलोमीटर वेगाने धावतो. दोघांची दिशा एकच आहे, पण प्लाझ्मा वेगवान आहे. म्हणून प्रवाहाबरोबर पण प्रवाहापेक्षा संथ चाललेल्या ओंडक्याच्या पाठीवर पाणी थडकत राहावे, तसा आयोच्या मागच्या बाजूवर सेकंदाला 57 किलोमीटर वेगाने प्लाझ्मा अखंड थडकत असतो. या अडथळ्यापाशी प्लाझ्मा मंदावतो आणि त्याच्याबरोबर चुंबकीय बलरेषाही अडखळून वाकतात. ताणलेल्या तारेला मधेच धक्का दिला की कंप तारेवरून दोन्ही टोकांकडे धावतो. बलरेषांवरून धावणाऱ्या अशाच लहरींची कल्पना हान्नेस आल्फवेन यांनी 1942 मध्ये मांडली होती आणि त्यांना आल्फवेन लहरी असेच नाव आहे.

बलरेषेची दोन्ही टोके गुरूच्या वातावरणात, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, उतरतात. आयो विषुववृत्ताच्या वर असला, तरी त्याच्या अंतरावरून जाणाऱ्या बलरेषा कमानीसारख्या वळून बऱ्याच वरच्या अक्षांशांवर गुरूला टेकतात. ‘विषुववृत्ताजवळ का नाही’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. लहर गुरूजवळ पोहोचते तेव्हा ती तिथल्या इलेक्ट्रॉनांना वेग देते, ते वातावरणातील हायड्रोजनवर आदळतात आणि हायड्रोजन अतिनील प्रकाशात झळकतो. त्याच माऱ्यातून तयार होणारे तीन हायड्रोजन अणूंचे आयन अवरक्त प्रकाश देतात. आयोची पाऊलखूण सर्वप्रथम याच अवरक्त प्रकाशात, हवाईमधील मौना केआवरच्या दुर्बिणीतून टिपली गेली आणि ते निरीक्षण 1993 मध्ये प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती प्रश्नाच्या मुळाशी आहे. गुरूवरचे ते मोठे कडेसुद्धा मुख्यतः सौरवाताचे काम नाही. आयोने सोडलेले द्रव्य हळूहळू बाहेर सरकते, त्याला आपल्याबरोबर फिरवत ठेवण्यासाठी गुरूला जोर लावावा लागतो, आणि त्या ओढाताणीतील विद्युतप्रवाह मुख्य कडे पेटवतात. दोन्ही ठिकाणी खर्च होते ती गुरूच्या परिवलनाची ऊर्जा. आयो निमित्त आहे. बिल गुरू भरतो.

तांब्याची_तार

वरील उत्तरात विजेचा हिशेब राहिला, तो जोडतो. आयोजवळ गुरूच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे 1900 नॅनोटेस्ला आहे. आयोचा व्यास 3643 किलोमीटर आणि प्लाझ्माशी सापेक्ष वेग सेकंदाला 57 किलोमीटर. या तिन्हींचा गुणाकार केला की आयोच्या दोन बाजूंमध्ये सुमारे 4 लाख व्होल्ट विभवांतर निघते. व्हॉयेजर 1 आयोजवळून गेले तेव्हा त्याच्या चुंबकमापकाने टिपलेला प्रवाह काही दशलक्ष अँपिअर इतका ठरला. या दोन आकड्यांचा गुणाकार सुमारे 1 लाख कोटी वॅट होतो.

माझ्या मते यात लहरींचा घोळ घालण्याचे कारण नाही. आयो हे जनित्र, बलरेषा या तारा आणि गुरूचे आयनावरण (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) हा शेवटी जोडलेला दिवा, असे साधे बंद मंडल आहे. पीटर गोल्डराइक आणि डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी 1969 मध्ये हेच मांडले होते.

परिवलन

तुमचे आकडे बरोबर आहेत, आणि 1969 मधली ती मांडणी आजही विषय समजावण्यासाठी उत्तम आहे. तथापि, तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे: आयोपासून निघालेली खबर गुरूपर्यंत जाऊन परत येईपर्यंत आयोसमोर तीच बलरेषा असली पाहिजे. त्या काळी आयोभोवती दाट प्लाझ्मा आहे याची कल्पना नव्हती, त्यामुळे लहरी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाऊन येतील असे मानणे स्वाभाविक होते. 1979 मध्ये व्हॉयेजरने प्लाझ्माचे ते कडे प्रत्यक्ष मोजले आणि हिशेब बदलला.

कागदावर करून पाहण्यासारखे गणित आहे. कड्याच्या दाट भागात दर घनसेंटिमीटरला साधारण 2000 इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या जोडीला गंधक व ऑक्सिजनचे जड आयन. अशा जड माध्यमात आल्फवेन लहरीचा वेग सेकंदाला साधारण 200 किलोमीटरपर्यंत खाली येतो. कड्याच्या मध्यापासून त्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेपर्यंतचे अंतर गुरूच्या त्रिज्येच्या, म्हणजे 71 हजार किलोमीटरच्या आसपास धरले, तर लहरीला केवळ कड्यातून बाहेर पडायलाच पाचसहा मिनिटे लागतात. याउलट, 3643 किलोमीटर व्यासाच्या आयोला ओलांडून जायला प्लाझ्माला सुमारे 64 सेकंद पुरतात. म्हणजे प्रतिध्वनी परत येईपर्यंत ज्या बलरेषेला धक्का दिला होता ती कितीतरी पुढे निघून गेलेली असते आणि आयोसमोर नवीच बलरेषा उभी असते. मंडल बंद व्हायला वेळच मिळत नाही. प्रवाह असतो, पण तो लहरीच्या अंगाने वाहतो आणि आयोच्या वर व खाली तिरक्या पंखांसारखा पसरतो.

हा केवळ शब्दांचा वाद नाही, कारण दोन्ही कल्पना वेगवेगळी चित्रे सांगतात. बंद मंडलातून गुरूवर एक ठिपका मिळायला हवा. प्रत्यक्षात हबलच्या छायाचित्रांत एकापेक्षा जास्त ठिपके आहेत: पहिला थेट आलेल्या लहरीचा, त्यानंतरचे प्लाझ्माच्या कड्याच्या काठावरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींचे, आणि एक विरुद्ध गोलार्धातून बलरेषेवरून आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोताचा. गुरूचा चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाला सुमारे 10 अंशांनी कललेला असल्यामुळे प्लाझ्माचे कडेही तिरके डोलते. आयो कधी त्याच्या वरच्या काठाशी असतो, तर कधी खालच्या. त्यानुसार या ठिपक्यांमधले अंतर वाढते, कमी होते, आणि इलेक्ट्रॉनांचा ठिपका कधी मुख्य ठिपक्याच्याही पुढे जातो. बंद मंडलाच्या चित्रातून हा क्रम निघत नाही.

जुनो यानानेही याच बाजूने साक्ष दिली. ते 2016 मध्ये गुरूच्या कक्षेत शिरले. आयोच्या शेपटीतील बलरेषांवरून जाताना त्याला एकाच ठरावीक ऊर्जेचे नव्हे, तर लहान-मोठ्या सर्व ऊर्जांचे इलेक्ट्रॉन सरमिसळ सापडले. स्थिर विभवांतरातून सुटलेले इलेक्ट्रॉन साधारण सारख्या ऊर्जेचे असतात. लहरींच्या हिंदकळण्यातून असे मिश्रण निघते. यानावरच्या इटालियन अवरक्त कॅमेऱ्याने 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत तर शेपटीचे तुकडेच दाखवले: सलग पट्टा नव्हे, आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला सरकलेले छोटे ठिपके, पाण्यातल्या खांबामागे भोवऱ्यांची रांग लागावी तसे.

निशाचर

दोघांचेही आभार. 64 सेकंदांचे गणित मी करून पाहिले आणि मंडल बंद का होत नाही ते पटले. आपल्या चंद्राचा प्रश्न मात्र अजून उभा आहे. सौरवातही प्लाझ्माच आहे, त्यातही चुंबकीय क्षेत्र आहे आणि चंद्र त्याला आडवा येतोच. मग त्याची लहर पृथ्वीवर का येत नाही? आणि गुरूचे बाकीचे चंद्र काय करतात?

कृष्णपक्ष

चंद्राविषयी मी सांगतो. पृथ्वीचे चुंबकावरण, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यातला प्रदेश, सूर्याच्या दिशेने पृथ्वीच्या सुमारे 10 त्रिज्यांपर्यंतच पसरलेले आहे आणि चंद्र सुमारे 60 त्रिज्यांवर आहे. म्हणजे महिन्यातील बहुतेक दिवस तो पृथ्वीच्या बलरेषांवर नसतोच. तो उघड्या सौरवातात असतो. सौरवाताचा वेग सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर, तर त्यातील आल्फवेन लहरीचा वेग सुमारे 50 किलोमीटर. माध्यमच लहरीपेक्षा आठपट वेगाने पळत असल्यामुळे चंद्रापाशी निघालेली कोणतीही लहर उगमाकडे चढू शकत नाही, ती सूर्यापासून दूर वाहून जाते. आयोपाशी हेच प्रमाण उलटे आहे: प्रवाह 57, लहर 200. सगळा फरक या दोन भागाकारांत आहे. पौर्णिमेच्या आसपासचे काही दिवस चंद्र पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या शेपटीतून जातो हे खरे. पण तिथला प्लाझ्मा अतिशय विरळ असतो आणि त्याला रेटणारे पृथ्वीचे परिवलन एवढ्या अंतरावर पोहोचत नाही.

गुरूच्या बाकीच्या चंद्रांचे म्हणाल, तर युरोपा आणि गॅनिमीड यांच्या पाऊलखुणा हबलच्या अतिनील छायाचित्रांतून 2002 मध्ये जाहीर झाल्या. आयोपेक्षा त्या फिकट आहेत. गॅनिमीडची खूण मला सर्वांत रोचक वाटते, कारण त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. गॅलिलिओ यानाने ते 1996 मध्ये शोधले. तिथे प्लाझ्माला आडवा येतो तो खडक-बर्फाचा 5268 किलोमीटरचा गोळा नव्हे, तर त्याच्याभोवतीचा त्याहून बराच मोठा चुंबकीय फुगा. त्यामुळे गुरूवर उमटणारा ठिपका बलरेषांवरून उलट मागे नेऊन मोजला, तर तो चंद्राच्या आकाराशी नव्हे, या फुग्याच्या आकाराशी जुळतो. चंद्राचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्याच ग्रहाच्या ढगांवर मोजता येते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

कॅलिस्टो हा चौथा मोठा चंद्र बराच काळ हाती लागत नव्हता. तो इतका दूर, म्हणजे गुरूच्या सुमारे 26 त्रिज्यांवर आहे, की त्याच्या बलरेषा नेमक्या मुख्य कड्याखालीच उतरतात आणि त्या झगमगाटात त्याचा मंद ठिपका बुडून जातो. 2019 च्या सप्टेंबरमध्ये सौरवाताचा दाट लोंढा गुरूवर आदळला, मुख्य कडे विषुववृत्ताच्या दिशेने सरकले आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत कॅलिस्टोची खूण उघडी पडली. जुनो त्याच वेळी तिथून जात होते. त्याने प्रकाशही टिपला आणि कॅलिस्टोशी जोडलेल्या बलरेषेवरचे कणही मोजले. हे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

शनीवर हा मान एन्सेलाडसचा आहे. जेमतेम 504 किलोमीटर व्यासाचा हा चंद्र दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि हिमकण फवारतो, आणि तेच आयोच्या ज्वालामुखींचे काम करतात. कॅसिनी यानाला 2008 मध्ये शनीच्या उत्तर गोलार्धात त्याचा अतिनील ठिपका दिसला. तो कायम दिसत नाही. शनीचा चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळत असल्यामुळे ठिपका कुठे शोधायचा हे आधीच ठाऊक होते. दिसला तेव्हा तो त्याच अक्षांशावर होता.

लघुलहर

दिसण्याबद्दल बरेच झाले, ऐकण्याबद्दल थोडे लिहितो. या ठिपक्यांचा शोध मुळात डोळ्यांनी लागलेला नाही. 1955 मध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांना 22.2 मेगाहर्ट्झवर गुरूकडून येणारी रेडिओ खरखर सापडली, आणि 1964 मध्ये ई. के. बिग यांनी दाखवून दिले की ही खरखर आयोच्या स्थानावर अवलंबून आहे. आयो गुरूच्या बरोबर मागे असतो त्या क्षणापासून मोजले, तर तो सुमारे 90 किंवा 240 अंश पुढे गेला की गुरू बोलू लागतो. ज्या बलरेषांच्या पायथ्याशी पाऊलखूण असते, त्यांच्यावरच हे रेडिओ उगमही असतात आणि त्यांचा झोत पोकळ शंकूसारखा बाहेर पडतो. शंकूची भिंत आपल्यावरून जाते तेवढाच वेळ आपल्याला ऐकू येते.

मी 20.1 मेगाहर्ट्झसाठी साध्या तारेचा द्विध्रुव अँटेना बांधला होता, टोकापासून टोकापर्यंत साधारण 7 मीटर. पहिल्या रात्री हेडफोनमध्ये लयबद्ध फटफट ऐकू आली आणि मी उत्साहाने वेळा टिपून ठेवल्या. गुरू मावळल्यानंतरही फटफट चालूच राहिली, तेव्हा संशय आला. शोधत गेलो तर ती शेजारच्या खोलीतील मोबाइलच्या चार्जरची निघाली. खरा गुरू तीन आठवड्यांनी मिळाला, आणि एकदा ऐकल्यावर गल्लत होत नाही. एका प्रकारात किनाऱ्यावर लाटा येऊन ओसराव्यात तसा आवाज चढतो-उतरतो. ही चढउतार बरीचशी वाटेतल्या सौरवातामुळे होते. दुसऱ्या प्रकारात गरम तव्यावर दाणे तडतडावेत तसे क्षणिक स्फोट येतात. प्रत्येक तडतड काही सहस्रांश सेकंदांची असते, आणि तिची वारंवारता वरून खाली घसरते. कारण पाहण्यासारखे आहे: उगमाची वारंवारता तिथल्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते, दर गाउसला (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) 2.8 मेगाहर्ट्झ, आणि इलेक्ट्रॉन गुरूपासून वर निघून जात असताना क्षेत्र क्षीण होत जाते. आयोशी निगडित हे प्रसारण 40 मेगाहर्ट्झच्या थोडे खालीच थांबते. 2.8 ने भागले की सुमारे 14 गाउस येतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर हे क्षेत्र 1 गाउसच्याही खाली असते. गुरूपाशी एकही यान पोहोचले नव्हते, तेव्हाही त्याच्या क्षेत्राचा अंदाज असा रेडिओवरून घेता येत होता.

निशाचर

चार्जरचा किस्सा लक्षात ठेवीन. एक शेवटची खुटखुट उरली आहे. पहिल्या संदेशात मी शेपटी ठिपक्याच्या ‘मागे’ असल्याचे लिहिले. पण प्लाझ्मा आयोला मागे टाकून पुढे धावत असेल, तर विस्कटलेल्या बलरेषा आयोच्या पुढे जाणार आणि शेपटीही पुढेच पडणार, असे आता वाटते. मी चुकलो का?

परिवलन

दोन्ही विधाने बरोबर आहेत. कुठे उभे राहून पाहता यावर शब्द ठरतो. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पाहिले, तर आयो आणि गुरू एकाच दिशेने फिरतात आणि शेपटी त्या दिशेने ठिपक्याच्या पुढे पसरलेली असते. मुख्य ठिपकासुद्धा आयोच्या नेमक्या बलरेषेच्या टोकाशी नसतो. लहर पोहोचेपर्यंत प्लाझ्मा पुढे सरकलेला असल्याने तो काही अंश पुढेच उमटतो. पण तुम्ही गुरूच्या ढगांवर उभे राहिलात, तर गुरू आयोपेक्षा लवकर फिरत असल्यामुळे ठिपका तुमच्यावरून परिवलनाच्या उलट दिशेने सरकत जाताना दिसेल आणि सुमारे 13 तासांनी पुन्हा तुमच्याच रेखांशावर येईल. त्या दृष्टीने शेपटी मागेच आहे: ज्या जागेवरून ठिपका नुकताच गेला, तिथे अजून विझत आलेला उजेड. तुमच्या छायाचित्रांत ठिपका मागे रेंगाळलेला वाटला तो याचमुळे. दोन चित्रांच्या वेळा नोंदवलेल्या असतील, तर ठिपक्याचे रेखांश काढून ते दर तासाला सुमारे 28 अंश सरकते का, हे मोजून पाहता येईल.